एक माणूस येतो

"बसा हो, चहा टाकते," असं म्हणून ब्रीदा उठली आणि तिचा मुलगा फिनबार बघतच राहिला. उठली म्हणजे खरोखरच उठली. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले, एक झोका घेतला आणि उभी राहिली. कुणी काखेत हात घातला नाही, कुणी "हां, आता डावा पाय" म्हटलं नाही. समोरच्या सोफ्यावर भत्ता खात्याचे तपासनीस मिस्टर हर्ली मांडीवर फाइल घेऊन अवघडून बसले होते. ते म्हणाले, "नको नको, उगाच त्रास." आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. "त्रास कसला मेला," ब्रीदा म्हणाली. "खरंच नको, आत्ताच घेऊन निघालोय," हर्ली म्हणाले. हे दुसरं नको. "अहो, अर्धा कप," ब्रीदा म्हणाली, आणि तिसऱ्या खेपेला रीतीप्रमाणे हर्लींनी मान तुकवली, "बरं, अर्धाच हं." ब्रीदानं स्वेटर खाली ओढून नीट केला आणि ती स्वयंपाकघराकडे चालायला लागली. कार्पेटची दुमडलेली कड आली तेव्हा तिनं पाय किंचित उचलून टाकला. आज सकाळीच तिनं चमचा उलटसुलट करून पाहिला होता आणि हे काय असतं, असं विचारलं होतं.

फिनबार अर्धा उठला आणि पुन्हा बसला. मदतीला गेलं तर ती गोंधळेल, भलतंसलतं बोलेल. न जावं तर, पन्नाशी कधीच ओलांडलेला मुलगा आरामात बसलाय आणि म्हातारी आई राबतेय, असं हर्लींना दिसणार. खरं म्हणजे ती गोंधळली असती तर बरंच झालं असतं. हा विचार मनात आला तसा तो स्वतःलाच दचकला. आईनं किटली पाडावी, चटका लावून घ्यावा, निदान रडावं, असं आपल्याला वाटतंय की काय? हर्ली आले होते ते हेच पाहायला. बुटांच्या दुकानातली नोकरी सोडून तो आईपाशी घरी बसला, त्याबद्दल सरकार त्याला सांभाळभत्ता देत होतं, आणि आता त्या भत्त्याची फेरतपासणी निघाली होती. मिसेस ब्रीदा क्रीडन यांना अजून दिवसभर कुणीतरी लागतं का, एवढंच हर्लींना ठरवायचं होतं. नाही लागत, असं त्यांनी लिहिलं की पैसे बंद. पैसे बंद म्हणजे फिनबारला या वयात कुठंतरी काम शोधायला हवं, आणि ब्रीदाला शहराबाहेरच्या वृद्धाश्रमातल्या त्या लांबट खोलीत पाठवायला हवं, जिथं भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या असतात आणि टीव्ही कुणीच बघत नसतं. तो एकदा ती खोली पाहून आला होता. तिथल्या बाईनं हसून दाखवलं होतं सगळं. परत येताना बसमध्ये त्यानं स्वतःशीच ठरवून टाकलं होतं, की हे आपल्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला. मग नळ बंद झाला. बंद झाला, हे विशेष. एरवी तो वाहत राहायचा आणि ती त्याच्याकडे बघत राहायची. किटली गेली दोन वर्षं कपाटावर, तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेवलेली असे, कारण एकदा तिनं विजेची किटली पेटत्या शेगडीवर ठेवली होती आणि खालचं प्लास्टिक वितळून घरभर काळा धूर झाला होता. आज त्यानंच ती खाली काढली होती. का, तर पाहुणा येणार म्हणून. कॅनडातून त्याच्या धाकट्या बहिणीनं, ऑर्लानं, फोनवर बजावून सांगितलं होतं, "हे बघ, घर आवरू नकोस. दाढी करू नकोस. आईला नटवू नकोस. जसं आहे तसं दिसू दे त्या माणसाला." तो बरं म्हणाला होता. "बरं नाही, शपथ घे. मी ओळखून आहे तुला." त्यानं शपथ घेतली होती. आणि सकाळी आई खिडकीपाशी बसली होती, अंगावरच्या झग्यावर अंड्याचा ओघळ, केस एका बाजूनं चपटे झालेले, आणि त्याला ते बघवेना. परका माणूस घरात येणार आणि आई अशी? त्यानं तिला न्हाऊ घातलं, निळा स्वेटर चढवला, वडिलांनी दिलेला ब्रोच लावला. मग दाढी केली. मग दारातली पायरीसुद्धा घासली. उतारावरची ती अरुंद गल्ली, सगळी दारं थेट फुटपाथवर उघडणारी. एका दारात बोललेलं तीन दारांत ऐकू जायचं. समोरच्या मिसेस टूमी म्हणाल्या, "कोण येतंय रे, बिशप येतोय की काय?"

"कुणी नाही हो."

"आई कशी आहे?"

"मजेत."

हा शब्द त्याच्या तोंडातून निघायला विचाराची गरजच लागत नसे. त्या गल्लीत कुणाच्याच लागत नसे. तुम्ही कसे आहात, मजेत. नवरा कसा आहे, मजेत. पाय मोडला म्हणे, हो, पण आता मजेत. फिनबारच्या वडिलांना शेवटचं विचारायला डॉक्टर आले होते तेव्हा वडिलांच्या ओठांना निळसर छटा आली होती, आणि तरी "काय मिस्टर क्रीडन, कसं काय?" म्हटल्यावर ते श्वास गोळा करून म्हणाले होते, "मजेत, डॉक्टर." दुसऱ्या दिवशी गेले. अंत्यविधीला लोक आले, त्यांनी ब्रीदाचा हात हातात घेऊन विचारलं, आणि ब्रीदा म्हणाली, मजेत. तेव्हा फिनबारला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. लहानपणी एकदाच त्याच्याकडून चूक झाली होती. वडिलांचं गोदीतलं काम सुटलं होतं आणि ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. शाळेत सिस्टरनं सहज विचारलं, बाबा कसे आहेत, आणि त्यानं जे होतं ते सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडतात, जेवत नाहीत. सिस्टरनं संध्याकाळी टोपलीभर अंडी आणि पाव पाठवला. ब्रीदानं टोपली आत घेतली, सिस्टरच्या माणसाला चहा पाजला, दार लावलं, आणि मग रविवारच्या प्रार्थनेपर्यंत फिनबारशी एक शब्द बोलली नाही. चर्चमधून उतरताना फक्त एवढं म्हणाली, "घरातलं माणूस असं उघडं टाकतात होय रे रस्त्यावर?" अंडी मात्र सगळ्यांनी खाल्ली होती.

"रात्री उठतात का त्या?" हर्लींनी विचारलं.

फिनबारनं स्वयंपाकघराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. ब्रीदाचे कान अजून तिखट होते, डोकं कितीही विस्कटलं तरी कानांना काही झालेलं नव्हतं. "रोज," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"कधी कधी," फिनबार मोठ्यानं म्हणाला.

हर्लींनी लिहून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या बुटांकडे फिनबारची नजर पहिल्यांदा गेली होती, जुनी सवय. टाचा झिजलेल्या, पण पॉलिश ताजं. घराघरांत जाऊन लोकांना नाही ते विचारायचं, हे काम कुणाला आवडत असेल? "आणि आंघोळ, कपडे वगैरे," हर्ली हळूच म्हणाले, "तुम्हालाच करावं लागतं?" फिनबारनं मान हलवली. हो म्हणून हलवली होती, पण ती जरा तिरकी हलली असावी, कारण हर्ली पेन धरून थांबून राहिले. तेवढ्यात आत कपाटाचं दार करकरलं. चांगल्या कपांचं कपाट. ते तिला सापडलं होतं. कप बशीवर ठेवल्याचा तो बारीकसा टिणटिण आवाज त्यानं किती दिवसांनी ऐकला. ईस्टरला मावश्या यायच्या, त्यांचे ओले कोट दारामागे लटकायचे, घरात लोकरीचा वास, आणि आतून हा आवाज यायचा. म्हणजे आता सगळं ठीक आहे, आता कुणी भांडणार नाही. एक मिनिटभर फिनबारला खरंच तसं वाटलं. सगळं ठीक आहे. आई आत आहे, चहा करतेय, आपण बाहेर बसलोय. मधली वर्षं कुणीतरी आपल्याला चुकून सांगितलेली गोष्ट होती.

आणि मग भीती त्याच्या मानेवरून खाली उतरली. मधली वर्षं खरी नसतील तर आपण या माणसाला काय सांगत होतो? खात्याला काय कळवत आलो? आई चहा करू शकते. नळ बंद करू शकते. कपाट उघडू शकते. मग आपण तिला सकाळी भरवतो ते कशासाठी? कदाचित ती नेहमीच करू शकत होती आणि आपणच तिला उठू दिलं नाही. किटली कपाटावर ठेवली. शेगडीच्या कळा काढून खिशात घातल्या. ती हात पुढे करायची आणि आपण म्हणायचो, राहू दे आई, मी करतो. राहू दे, राहू दे म्हणत म्हणत आपणच तिच्या हातातलं एकेक काढून घेतलं असेल तर? दुकान तसंही बंदच पडणार होतं. बायको नव्हती, मुलंबाळं नव्हती. काय करतोस, असं कुणी विचारलं की "आईला सांभाळतो" म्हणायला बरं वाटायचं, समोरच्याचा चेहरा मऊ व्हायचा. आपल्यालाच तिचं आजारपण हवं होतं की काय? त्याला घाम फुटला. पण मग तो धूर खरा होता ना? रात्री उठून ती दार ठोठावते, घरी सोडा मला, घरी सोडा, म्हणते, ते खरं ना? मिसेस टूमींनी ऐकलं असेल. त्यांना विचारावं का? त्या म्हणतील, तुझ्या आईला काय धाड भरलीय, मजेत आहे की.

ब्रीदा ट्रे घेऊन आली. तीन कप, तीन बशा, चहाचं भांडं, दुधाचं भांडं, साखर, मनुका घातलेल्या पावाचे काप, त्यावर लोणी. लोणी कडेपर्यंत फासलेलं, तिच्या पद्धतीनं. किटलीतलं पाणी ओतण्याआधी चहाचं भांडं तिनं गरम पाण्यानं विसळून घेतलं होतं, हे त्याला रंगावरूनच कळलं. तिनं हर्लींना विचारलं, "साखर किती घेता?" ते दोन म्हणाले. तिनं दोन घातल्या. मग ती फिनबारकडे वळली, मान जराशी कलती करून, आणि म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मला नको," फिनबार म्हणाला. पाहुण्यांसमोर आईचं बोलणं जरा भारदस्त व्हायचं, पूर्वीपासूनच. आपल्या दोघांना मिळून तिनं तुम्ही म्हटलं असेल. तरी ते दोन शब्द चहात पडलेल्या माशीसारखे त्याला खटकत राहिले.

"लाजू नका हो," ब्रीदा म्हणाली आणि तिनं एक चमचा घातलाच.

तो प्यायला. चहा कडक होता, उत्तम होता. चांगला झालाय म्हणावं की म्हणू नये, हे त्याला कळेना. हर्ली मात्र मनापासून म्हणाले, "वा, मिसेस क्रीडन, याला म्हणतात चहा." ब्रीदा खुलली. "तुम्ही हर्ली म्हणजे कुठले हर्ली?" तिनं विचारलं. हर्लींनी गाव सांगितलं. "पुलाजवळचे की टेकडीवरचे?" टेकडीवरचे. "म्हणजे त्या घोडेवाल्याचा कोण तू?" नातू. "अरे देवा! तुझी आजी माझ्या आतेबहिणीच्या लग्नात नाचली होती, बूट काढून! मग तू घरचाच की रे बाळा." हर्लींचे कान लाल झाले, ते हसले, त्यांनी पावाचा दुसरा काप घेतला. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं लग्न, त्यातला बँड, आजीचे काढून ठेवलेले बूट, सगळं ब्रीदाच्या डोळ्यांपुढे लख्ख होतं. फिनबार ऐकत बसला. तिच्याकडे बघताना त्याचा ऊर भरून येत होता आणि त्याच वेळी तळपाय गार पडत होते. बघ ऑर्ला, आपली आई बघ, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं. आणि गप्प बस आई, एकदा तरी काहीतरी चूक, असंही.

हर्लींनी कप खाली ठेवला. आता ते कामाकडे वळले, पण आवाज घरच्या माणसाचा झाला होता. "मग आजी, दिवसभर तुमचं सगळं कोण करतं?"

"कोण करणार? मीच करते," ब्रीदा म्हणाली. "हातपाय धड आहेत माझे."

"कुणाची मदत नाही?"

ब्रीदानं थोडा विचार केला. "एक माणूस येतो," ती म्हणाली. "सकाळी येतो, संध्याकाळी येतो. चांगला आहे बिचारा. हात जरा गार असतात त्याचे."

हर्लींनी फाइल उघडली, फिनबारकडे पाहिलं आणि कागदावर पाहिलं. "कुणी मदतनीस येतो का, मिस्टर क्रीडन? म्हणजे पगारी? कळवायला हवं होतं तसं."

"कुणी येत नाही," फिनबार म्हणाला.

"येतो ना," ब्रीदा म्हणाली. "मी काय खोटं बोलते?"

"आई, कोण माणूस? कुणी येत नाही आपल्याकडे."

तिनं त्याच्याकडे जरा रागानं पाहिलं, मधे बोलणाऱ्या परक्याकडे पाहावं तसं, आणि ती हर्लींना कप पुन्हा भरून द्यायला लागली. हर्लींनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसत नव्हतं. फिनबारच्या डोक्यात नुसता कल्लोळ झाला. कोण येतं? तो बाजारात गेलेला असताना कुणी येतं का? मीटर बघणारा? चर्चमधले फादर? की तिला वडील दिसतात? वडिलांचे हात गार असायचे, गोदीत काम करून करून. ते येत असतील, सकाळी आणि संध्याकाळी, आणि तिनं आपल्याला सांगितलं नसेल. किंवा मग तिला काही दिसत नाही आणि खरंच कुणीतरी येतं आणि आपल्यालाच आठवत नाही. आपलंच डोकं सटकलं असेल. दोघं एका घरात इतका काळ कोंडलेले, त्यातलं कोण आजारी आहे हे बाहेरच्या माणसानं कशावरून ठरवायचं? आज तरी दाढी केलेला घामेजलेला फिनबारच जास्त आजारी दिसत होता. ऑर्लाला त्यानं गेल्याच आठवड्यात ठासून सांगितलं होतं, "नावं विसरते ती, पण मला ओळखते हं. मला बरोबर ओळखते." ते सांगताना त्याला अभिमान वाटला होता. ओळखते म्हणूनच तर हे सगळं चाललंय, नाहीतर मग ते कुणासाठी?

दूर टेकडीवरच्या घड्याळात ठोके पडले. त्या घड्याळाला चार तोंडं, आणि चारही बाजूंना वेळ वेगळी, यावर सगळं शहर विनोद करत आलेलं. हर्ली उठले. ब्रीदानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, आजीच्या थडग्यावर फूल ठेवायला सांगितलं, पुन्हा यायला सांगितलं. फिनबार त्यांना सोडायला दारापर्यंत गेला. आता. आता सांगायचं. दारात दोघंच होते. बाहेर नोव्हेंबरचा उजेड संपत आला होता. हर्लींनी मफलर गुंडाळता गुंडाळता आवाज खाली आणला, "मिस्टर क्रीडन, एक विचारतो. एरवी कशा असतात त्या?" त्यांनी विचारलं ते चांगल्या मनानं विचारलं. दार उघडून दिल्यासारखंच होतं ते. फिनबारनं तोंड उघडलं. मागे बैठकीच्या दारात ब्रीदा येऊन उभी होती, निळ्या स्वेटरवर ब्रोच, हात पुढे जुळवलेले, पाहुण्याला निरोप द्यायला. तिच्या अंगाला साबणाचा वास येत होता.

"मजेत," फिनबार म्हणाला. "देवाची कृपा. मजेत."

हर्लींनी मान डोलावली आणि रस्ता ओलांडून ते आपल्या गाडीत जाऊन बसले. दार लावून घेताना फिनबारला आपला हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा दिसला. एक शब्द. आता जाऊन काचेवर टकटक करायचं, हर्लीसाहेब, तसं नाही हो, मी आपलं बोलून गेलो. पण काय बोलायचं? तुम्ही स्वतः चहा प्यायलात, लग्नातला बँड ऐकलात, आता मी म्हणतो ती चहा करू शकत नाही? आणि तो कोण माणूस येतो ते सांगा आधी. तो आत, स्वयंपाकघरात आला. ब्रीदा कप आवरत होती. अर्धा चहा उरलेला कप तिनं बशीसकट उचलून कपाटात, चांगल्या कपांच्या रांगेत ठेवला. दुसराही ठेवला. लोण्याचा तुकडा तिनं हातरुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. चहा कपाटाच्या फळीवरून खाली ठिबकायला लागला. ती त्याकडे बघत नव्हती. जे काही इतका वेळ तिला उभं धरून होतं ते हर्लींबरोबर निघून गेलं होतं आणि तिचे खांदे उतरले होते. फिनबारला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून लाज वाटली.

"राहू दे, मी करतो," तो म्हणाला.

"नको नको, तुम्ही कशाला?" ब्रीदा म्हणाली. "तुम्हीसुद्धा निघा आता. अंधार पडेल." तिनं दारामागचा त्याचा कोट काढला आणि त्याच्यापुढे धरला. "रोज उशीर होतो तुम्हाला माझ्यापायी. घरी आई वाट बघत असेल."

तो कोट घालत असताना तिनं त्याची बोटं मुठीत धरली आणि चोळली. "हात बघा किती गार," ती म्हणाली. "किती सांगायचं तुम्हाला हातमोजे घाला म्हणून."

फिनबार तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तो माणूस कोण ते आता त्याला कळलं होतं, आणि हे कळणं कुठं ठेवावं ते कळत नव्हतं. ती त्याला दारापर्यंत पोचवायला आली, हलक्या हातानं बाहेर केलं, "सांभाळून जा हं" म्हणाली, आणि दार लागलं. खटका पडला. किल्ली आतल्या खिळ्यावर होती. तो घासलेल्या पायरीवर उभा राहिला. रस्त्यापलीकडे हर्लींची गाडी अजून तिथंच होती, आतला दिवा लावलेला, धुकं धरू नये म्हणून काच खाली केलेली, आणि हर्ली मांडीवरच्या फाइलमध्ये लिहीत होते. लिहोत. फिनबारला त्या क्षणी फक्त एवढंच वाटत होतं की ती आत एकटी आहे. त्यानं घंटी दाबली. आत पावलं घासत आली, खटका दोन-तीनदा चाचपला गेला, आणि दार उघडलं.

"अरे, या, या!" ब्रीदा म्हणाली. किती दिवसांनी कुणी आल्यासारखा तिचा चेहरा उजळला होता. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, कुठंतरी पाहिलेला चेहरा आठवावा तसं. आठवलं नाही, पण रीत आठवली. दारात आलेल्याला काय विचारायचं असतं ते तिला आठवलं. "कशी आहे आई तुमची?"

तो शब्द जिभेवर येऊन बसलाच होता. जन्मभर तिथंच तर होता. फिनबारनं तो गिळला.

"बरी नाही," तो म्हणाला.

"अरे देवा. काय होतंय?"

"विसरते." त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, पण तो काही त्याला आवरेना. "सगळं विसरते. जेवण भरवावं लागतं. न्हाऊ घालावं लागतं, कपडे बदलावे लागतात, रात्रीत कितीदा तरी. रोज रात्री दार ठोठावते, घरी सोडा म्हणते, आणि घरातच असते. एक क्षण एकटी सोडता येत नाही तिला." समोर मिसेस टूमींचा पडदा हलला. गाडीतलं पेन थांबलं होतं. हर्ली मान वर करून बघत होते, आपल्याच दाराची घंटी वाजवून पायरीवर उभ्या राहिलेल्या माणसाकडे आणि दारातल्या त्याच्या आईकडे. "मला ओळखत नाही ती," फिनबार म्हणाला. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

ब्रीदाचे डोळे भरून आले. कुणाच्याही आईसाठी आले असते तसे. तिनं दार आणखी उघडलं आणि पायरीवर एक पाय टाकून त्याच्या जवळ आली. "आणि मग तिचं करतं कोण?"

"मी."

"एकटेच?"

"एकटाच."

मग तिनं हात वर करून त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली, वरचं बटण लावलं.

"मग मजेत आहे रे ती, बाळा," ब्रीदा म्हणाली. "ये, आत ये. अर्धा कप चहा घे."

फिनबार पहिल्याच वेळेला हो म्हणाला.